उलटं टांगलेलं पान

मलकापूर
११ डिसेंबर २०२२

आन मी काई रागावलो नाही. मामा रागावला असं कोनी तुले सांगत असन तर त्याले म्हना खोटं हाये. रागवाले टाइम कोनाले हाये इथं. जयभीम.

फोन काऊन केला नाही, तेबी सांगून टाकतो. चव्वेचाळीस वर्षं मोठ्या ढोलाच्या बाजूले उभं राहून क्लॅरोनेट वाजवलं. डावा कान तवाच गेला, उजवा औंदा गेला. फोनवर मले नुसती गुनगुन आयकू येते. अविनाश बापाले म्हनते, आबा, मशीन लावा. कायले लावू? आयकन्यासारखं बोलून कोन राह्यलं? म्हनून कागदावर लेहतो. सातवी पास मानूस हाओ, चुका काढत बसू नको.

आता मुद्द्याचं. मागच्या सोमवारी जिनिंगवाला वैजनाथ भेटला बाजारात. म्हने, मास्टर, शेगावच्या लग्नात तुमच्या बँडनं बहार केली, पांढऱ्या वर्द्या लय शोभत होत्या. म्या म्हनलं हाव, हाव. दुसरं काय म्हनू? त्या दिवशी माहा बँड नांदुऱ्याले होता. आन माह्या वर्द्या पह्यल्या दिवसापासून लाल हायेत. घरी आलो तं अविनाशनं मोबाइलवर दाखवलं. महामाया ब्रास बँड, शेगाव. मंधात तू, ट्रम्पेट घेऊन. पोट सुटलं तुहं.

शेगाव इथून रेल्वेनं तासाभराचं. तुही गाडी जाताना एकदा आन येताना एकदा मलकापूरवरून गेली. उतरला नाही. मी रागावलो नाही. पन एका जिल्ह्यात एका नावाचे दोन बँड चालत नाही. लोकं गोंधळते.

अविनाशनं दोन सालाआंदी नावाचा सरकारी शिक्का करून घेतला. ट्रेडमार्क म्हनते त्याले. आता इंटरनेटवरचं जे नाव तुह्या हाती हाये ते सोडवाचं म्हनते तो. ते नाव साऱ्या दुनियेत एकच असते म्हने, आन ज्याच्या हाती ते, त्याले सुपाऱ्या भेटते. मले त्यातलं काई कळत नाही, कळून घ्याचंबी नाही. त्यानं अकोल्याचा वकील पाहून ठेवला. कागद येईन तुले. घाबरू नको, कागद म्हंजे कागदच असते.

आन एक. तू पुण्याले गेला तवा मोठ्या ढोलाचं फाटलेलं पान संग नेलं होतं. हाये का अजून, का उंदरानं खाल्लं? असं जुनं चामडं घरात ठिऊ नये, वास मारते. पाठवून दे, नाहीतं फेकून दे. सहज इचारलं.

मयुरीले आन इराले जयभीम सांगजो.

गुलाबराव


पिंपरी, पुणे
२३ डिसेंबर २०२२

मामा, जयभीम.

तुम्ही रागावलेले नाही हे दोनदा लिहिलंत, तेव्हाच समजलो.

शेगावची चूक माझी आहे. नवरी आमच्या कंपनीतल्या साहेबांची मुलगी. लग्न पुण्यात होणार होतं, मग त्यांनी महाराजांच्या पायाशी करायचं ठरवलं आणि मला नाही म्हणवेना. तुमाले आधी पत्र टाकायला पाहिजे होतं. टाकलं नाही. उतरलो नाही कारण बरोबर चौदा माणसं होती आणि सगळ्यांची सोमवारी पहिली पाळी. येताना मलकापूर आलं तेव्हा मी डब्याच्या दारात उभा होतो. बँडच्या खोलीचा पत्रा दिसतो का पाहत होतो. दिसला. गाडी दोन मिनिटं थांबली. मनात आणलं असतं तर उतरता आलं असतं. ते लागून राह्यलं आहे मले.

इंटरनेटचं नाव मी २००९ मध्ये घेतलं. ढोल दोन असले तर दोन्हीवर एकच नाव रंगवता येतं. तिथं तसं नाही, एका नावाची एकच पाटी. कोणी तिसऱ्यानं लावायच्या आत मी लावली. त्यावर आपला अठ्ठ्याहत्तर सालचा फोटो आहे. अकरा जण लाल वर्दीत आणि मधे खुर्चीवर आई. तुमच्याकडची प्रत वाळवीनं खाल्ली होती ना, ही माझ्या पेटीत होती म्हणून वाचली. इरानं खाली अकराही जणांची नावं टाकली, मी सांगितली तशी. तिकडून, अकोला-बुलडाण्याकडून, कोणी विचारलं तर मी अविनाशचा नंबर देतो. त्यालाच विचारा.

बँडला आईचं नाव तुम्ही दिलं. तिनं अकरा वर्द्या हातानं शिवल्या, म्हणून. मी हे ऐकतच मोठा झालो. ती जाऊन तेवीस वर्षं झाली. पुण्यात तिला ओळखणारं कोणी नाही. तिचं नाव इथं फक्त माझ्या ढोलावर आहे.

पान आहे. मयुरीनं त्याला काच बसवून घेतली, बाहेरच्या खोलीत भिंतीवर लावलं आहे. नावाची बाजू समोर. मागच्या बाजूला तुम्ही ऑइल पेंटनं जे लिहून दिलं ते मला पाठ आहे. 'हे पान आन हे नाव नागसेनले देलं. जिथं वाजवशीन तिथं लावजो.' खाली तुमची सही आणि तारीख. उस्तादानं पान दिल्याशिवाय शागिर्दानं नाव लावायचं नाही, लावलं तर त्याले चोर म्हणायचं, हे तुम्हीच शिकवलं. म्हणून ते भिंतीवर आहे.

पण तुम्हाला इंटरनेटचं नाव पाहिजे असेल तर वकील कशाला, मामा? तुमच्या हातानं एक ओळ लिहा. 'नागसेन, नाव परत दे.' पत्र मिळेल त्या दिवशी अविनाशच्या नावावर करतो. मागा फक्त.

मामींना जयभीम.

तुमचा भाचा,
नागसेन


मलकापूर
९ जानेवारी २०२३

काऊन मांगू? मांगते तो ज्याचं नसते. तुही माय ती मागून झाली, माही बहीन पह्यले होती. आन 'परत दे' कसं लेहू मी? परत म्हनलं की देलं होतं असं होते.

तुही मामी म्हनते, एका ओळीनं तुमची टोपी पडते का. म्या म्हनलं, जनकाबाई, उस्ताद मांगत नसते. ती भाकर थापून राह्यली होती. भाकर तव्यावर टाकली. तीन दिवस झाले, अजून बोलत नाही.

तुहं पत्र अविनाशले दाखवलं नाही. तो तुह्या पत्रातलं काई वाचत नाही, मीबी वाचू देत नाही.

अकोल्याले जाऊन आलो. वकील पोरगंच हाये, पन टाय लावते. तीन गोष्टी सांगाव लागते म्हने. एक, नाव आपलं हाये. दोन, समोरच्याचा ह्या नावाशी काई संबंध नाही. तीन, त्यानं ते बदनियतीनं घेतलं. म्या म्हनलं तिसरं काढा, पोट्टं तसं नाही. तो म्हने, 'बाबा, तिवई दोन पायावर उभी राहते का?' म्या म्हनलं मंग दुसरं काढा. तो म्हने काऊन, महामाया कोन होती? अविनाश म्हने, गौतम बुद्धाची माय. तेबी खरंच हाये. म्या तेच लेहू देलं.

मंग वकिलानं आखरीले एक गोष्ट इचारली आन म्या उत्तर देलं. ते लेहत नाही. सही केली. सही रेघेच्या बाहेर गेली, त्यानं दुसरा कागद काढला आन पुन्हा केली.

हे तुले काऊन सांगून राह्यलो? दुसऱ्याकडून कळल्यापरीस बरं. कोर्टात उभं राहाचं काई काम नाही, सारं कागदावरच चालते. दिल्लीले कोनी पंच हाये. त्यानं ना तुले पाह्यलं ना मले. तो कागद पाहीन आन सांगन नाव कोनाचं. आपल्या घरातलं आपल्याले सांगता आलं नाही, तो सांगन.

पान पाठवून दे. नव्या ढोलावर तसेच अक्षरं काढाचे हायेत, पेंटरले नमुना पायजे. काच राहू दे तुह्याकडं. पान तेवढं पाठव.

गुलाबराव


पिंपरी, पुणे
१२ फेब्रुवारी २०२३

मामा, जयभीम.

कागद आले. ईमेलवर, बेचाळीस पानं, सगळी इंग्रजीत. माझं इंग्रजी तुम्हाला माहीत आहे. इरा बारावीला आहे, तिला म्हटलं वाच आणि मराठीत सांग.

सातव्या पानावर असं आहे की ह्या नागसेनचा 'महामाया' या नावाशी कसलाही संबंध नाही. इरा म्हणाली, पप्पा, हे आजीबद्दल आहे का? म्हटलं, पुढं वाच. आठव्या पानावर बदनियत आली, ती तुम्ही आधीच कळवली होती, म्हणून तेवढी लागली नाही. नवव्या पानावर असं आहे की अर्जदारानं समोरच्याला हे नाव वापरायची परवानगी कधीही दिली नाही, लेखी नाही आणि तोंडीही नाही. तेव्हा तिनं भिंतीकडं पाहिलं. काच बसवायला नेलं तेव्हा पान तिनंच हातात धरलं होतं. मागचं तिला ठाऊक आहे.

वकिलानं शेवटी तुम्हाला काय विचारलं ते तुम्ही लिहिलं नव्हतं. आता कळलं.

मला उत्तर द्यायला पंधरा दिवस आहेत. इथल्या एका वकिलाला विचारलं. तो म्हणाला, मागच्या बाजूचा एक फोटो पाठवा, केस तिथंच संपते. मयुरी म्हणते आजच पाठवा. पण तो फोटो गेला की तुम्ही लिहून खोटं सांगितलं असं होतं. दिल्लीच्या त्या माणसाचं काही नाही. अविनाशला कळेल. मलकापुरात कळेल. वैजनाथ बाजारात काय म्हणेल ते मला इथं बसून ऐकू येतं.

मामा, मी काय उत्तर देऊ ते तुम्हीच सांगा. तुम्ही सांगाल ते लिहीन. इतकंच.

पान आता पाठवत नाही. मागू नका.

नागसेन


मलकापूर
१८ फेब्रुवारी २०२३

तुहं पत्र भेटलं. लेहाले टाइम नाही, लग्नं सुरू हायेत.

अविनाश येत्या पंचवीस तारखेले पुण्याले येऊन राह्यला. पंचाले पुरावा पायजे की नाव जुनं हाये, म्हनून वकिलाले पानाचा फोटो पायजे. पानावर ७८ साल घातलेलं हाये. म्या म्हनलं नको, दुसरं काई दाखवा. आयकत नाही. जास्त नको म्हनलं तं इचारन काऊन नको.

समोरून काढू दे. काच काढू नको, फुटन. भिंतीवरून उतरवाची काई गरज नाही.

मामीनं शेंगदान्याची चटनी देली हाये त्याच्यासंग.

उत्तराचं तू मले इचारलं. मी काय सांगू? तुले समजते.

गुलाबराव


पिंपरी, पुणे
२७ फेब्रुवारी २०२३

मामा,

अविनाश येऊन गेला. जेवला. काचेवर उजेड चमकतो म्हणून त्यानं काच काढलीच. समोरून फोटो काढला. मग पान उलटं करून मागून पाहिलं. त्याला काही दिसलं नाही.

मी उत्तर पाठवणार नाही. मुदत आज संपते.

चटणी पोहोचली. मामींना सांगा, लसूण तोच आहे, गावचा.

नागसेन


मलकापूर
८ मे २०२३

जिंकलो म्हनते. दिल्लीहून कागद आला. अविनाशनं खोलीवर पेढे वाटले. वैजनाथ दोन घेऊन गेला. इंटरनेटचं नाव आता अविनाशच्या हाती आलं. पंचानं लेहलं की समोरच्यानं काई म्हननंच मांडलं नाही, म्हनून अर्जदाराचं खरं धराव लागते.

खरं धराव लागते. असंच लेहलं हाये. अविनाशनं दोनदा वाचून दाखवलं, कानाशी येऊन.

तू उत्तर काऊन देलं नाही? मले वाटलं देशीन. देलं असतं तं देलं असतं, पाहून घेतलं असतं मंग. अविनाशले काई दिसलं नाही असं तू लेहलं तवा समजलो, रंग उडाला. उडनारच. सतरा वर्षं कोनता रंग टिकते? स्वस्तातला डब्बा होता तो, पाटीवाल्याकडून मांगून आनला होता. मंग जे राह्यलंच नाही त्याच्यावर भांडून तुहाबी काई फायदा नव्हता. तू शहाना हायेस, म्हनून गप बसला. आन लेहलेलं राह्यलं नाही म्हंजे मीबी तसा काई खोटा नाही. तुही मामी नाही मानत. तिचं सोड.

परवा बुद्ध पौर्निमेले इहारात वाजवलं. ढोल नवा हाये, पान पलास्टिकचं. आवाज येते, पन पोटात घुसत नाही. का माहे कानच गेले म्हनून असन.

इरा पास झाली का ते कळवजो.

गुलाबराव


पिंपरी, पुणे
१९ फेब्रुवारी २०२४

मामांना जयभीम.

मी मयुरी लिहिते आहे. तुमचं मे महिन्यातलं पत्र आलं, त्यानंतरची दोन कार्डंही आली. ह्यांनी वाचली. उत्तर लिहायला बसायचे आणि कागद तसाच ठेवून उठायचे. म्हणून तुम्हाला काही कळवलं गेलं नाही. राग धरू नका, किंवा धरा.

इरा पास झाली. चांगले मार्क पडले. तिनं वकिलीला प्रवेश घेतला आहे. आम्ही सांगितलं नव्हतं, तिनं स्वतःच ठरवलं.

बँडचं नाव बदललं. आता नुसतं पिंपरी ब्रास बँड. ढोलावरचं आईंचं नाव ह्यांनी स्वतः पुसलं. रॉकेलचा बोळा घेऊन दुपारभर बसले होते. वर्द्या त्याच आहेत.

सोबत ते पान पाठवते आहे, ह्यांच्या बँडमधले रवीभाऊ खामगावला निघाले आहेत त्यांच्या हाती. ते मलकापूरला उतरून बँडच्या खोलीवर देतील. हे म्हणाले, मामा दोनदा मागत होते, आता देऊन टाकू. काच काढून घेतली आहे. मागं कागद चिकटवलेला आहे तो तसाच ठेवला. हे म्हणाले, राहू दे. मी म्हटलं, मामांना सांगते कागद आहे म्हणून. म्हणाले, नको. तरी मी लिहिते आहे.

मामींना नमस्कार सांगा.

मयुरी


मलकापूर
५ मार्च २०२४

नागसेन,

रवीनं पान आनून देलं. भला मानूस हाये, चहाबी घेतला नाही, गाडी सुटन म्हने.

समोरची बाजू जशीच्या तशी हाये. उलटं केलं तं पेपर. साऱ्या पानावर, काठापासून काठापर्यंत, कनकेच्या खळीनं चिकटवलेला. म्या म्हनलं हे कायले? रंग उडाला असन आन चामडं फाटत असन, म्हनून ठिगळ लावलं असन. मंग तारीख दिसली पेपरावर. २४ फेब्रुवारी २०२३. अविनाश पंचविसाले पोचला होता.

मी खाली बसलो. तुही मामी म्हने चक्कर आली का. म्या म्हनलं पानी आन.

वल्लं फडकं घेऊन बसलो. पुसून पुसून पेपर काढला. भिजला की गठ्ठ्यानं सुटते, पन घाई केली तं चामडं खराब होते, म्हनून सारी दुपार गेली. खाली अक्षरं निघाले. निळे, कालच लेहल्यासारखे. एक कानाबी उडाला नाही. स्वस्तातला डब्बा होता म्हनून म्या लेहलं होतं तुले. चांगला डब्बा होता तो.

हे पान आन हे नाव नागसेनले देलं. जिथं वाजवशीन तिथं लावजो. गुलाबराव. १६-४-२००६.

तू गेला तवाचा दिवस मले याद हाये. जयंतीच्या मिरवनुकीत पान फाटलं, आन दोन दिवसानं तू निघाला. तुही माय असती तं तिनं जाऊ देलं नसतं. मी म्हनू शकलो नाही की नको जाऊ. म्हनून हे लेहून देलं. इसरलो नव्हतो. एक दिवस इसरलो नाही. वकिलानं इचारलं, बाबा, काई लेहून-बिहून देलं होतं का. अविनाश माह्या तोंडाकडं पाहून राह्यला होता. म्या म्हनलं नाही. एवढाच शब्द बोललो.

तू म्हनला होता एक ओळ लेहा. अर्ध्या कार्डाचं काम होतं.

अविनाशले दाखवलं. त्यानं वाचलं, मंग पुन्हा वाचलं. म्हने, 'आबा, पह्यले सांगतलं असतं तं मी वकिलाकडं गेलोच नसतो.' म्या म्हनलं, जा आता बाहीर. तो गेला, आन मंग परत येऊन बाजूले बसला. पोट्टं वाईट नाही. तुह्याकडून आलेले लोकं त्यानं सांगतले मले, अकोल्याचे दोन, चिखलीचं एक लग्न. तुह्या फोननंच आले होते म्हने.

बँडचं तुले माहीत नसन. अविनाशनं डीजे घेतला मागच्या दसऱ्याले. गाडीवर मोठ्या अक्षरात महामाया. तिनं हातानं काजं केले होते, अकरा वर्द्यांचे, एकेका वर्दीले सात बटनं. आता तिचं नाव घेऊन तो डब्बा धडधड करत जाते, मले आयकू येत नाही पन पायाले समजते. वाजवनारे चौघं राह्यले. बाकीचे मोताळ्याच्या पार्टीत गेले.

काल म्या अविनाशले म्हनलं, तो फोटो दाखव, तिचा खुर्चीवरचा, नागसेननं इंटरनेटवर लावलेला. म्या तो कवा पाह्यलाच नव्हता. तू लेहलं होतं तरी म्हनलं नाही कोनाले की दाखवा. त्यानं मोबाइल काढला. डीजेची गाडी दिसली, फोन नंबर दिसला. फोटो नाही. म्हने, आबा, नाव आपल्याकडं आल्यावर जुनं सारं काढून टाकलं. अकराच्या अकरा नावं बी गेले खालचे. अकरातले मी एकटा जित्ता हाओ. तुह्या पेटीत असन तं असू दे. पाठवू नको. मी मांगून नाही राह्यलो.

वकिलाले अविनाशनं इचारलं. केस उलटी होत नाही म्हने, पन नाव आपन होऊन कोनाले द्याचं असन तं देता येते, दोन मिनिटाचं काम हाये. तं मी लेहतो. ओळ एकच हाये.

नागसेन, नाव परत घे.

घेनार नाहीस, मले माहीत हाये. रॉकेलनं पुसलेलं कोन परत लावते? मीबी लावलं नसतं. पन लेहाचं होतं ते लेहलं. वर्षभरानं लेहलं.

इराले सांगजो, वकील होऊन राह्यली तं म्हाताऱ्या मानसाले शेवटचा सवाल पह्यले इचारत जाय. आन उत्तर देताना त्याच्या तोंडाकडं कोनाले पाहू देऊ नको.

पान तुले वापस पाठवत नाही. ते बँडच्या खोलीवर टांगलं, दाराच्या समोर, जिथं रस्त्यावरून सरळ दिसते. उलटं टांगलं. नाव भिंतीकडं, लेहलेलं बाहीर. काच लावली नाही. येनारे-जानारे वाचते. वैजनाथ पह्यल्याच दिवशी येऊन उभा राह्यला. वाचलं त्यानं. म्हने, मास्टर, पान उलटं काऊन टांगलं? नागसेनले देलं तं मंग जिंकले कायले?

म्या त्याले काई सांगतलं नाही. अजून दहा जनांनी इचारलं, त्याहीले सांगतलं नाही. तुह्या मामीनंबी इचारलं, तिलेबी नाही. तुलेबी जे सांगाचं होतं ते सांगून झालं. आता ह्याच्यावर मी एक अक्षर बोलनार नाही.

गुलाबराव